बोटभर ढाळ

दगड निवडायला मी पर्समध्ये लिंबू घेऊन गेले.
दस्तगीर गवंडी म्हणाले होते,
'वैनी, दुकानदार बोलंल ते ऐकू नका,
लिंबू बोलंल ते ऐका.'

उचगावच्या पुढं, रस्त्याच्या कडेला
भिंतीला पाठ टेकून उभे होते दगड,
दवाखान्यात नंबराची वाट बघणाऱ्या माणसांसारखे.
मालकानं एकेकाचं नाव सांगितलं:
मकराणा, शहाबादी, कडप्पा, जेट ब्लॅक,
आणि एक इटालियन,
जे त्यालाच दोनदा म्हणून बघावं लागलं.
'खिडकीला कुणी एवढं बघतंय होय ओ?
पाच फुटाची पट्टी, कड गोल मारून देतो,
विषय संपला.'

मी लिंबू कापलं.
तो दोन पावलं मागं सरला.
अमावस्या नव्हती, तरी.

मकराण्यावर थेंब पडला, बारीक फेस आला.
पुसलं तर डाग नव्हता,
तेवढ्यापुरती चमक गेलेली.
कडप्प्याच्या काळ्यावर राखी ठिपका उठला.
शहाबादी सगळं पिऊन गप्प.
ग्रॅनाइट मात्र ढिम्म. कर्जाच्या अर्जावर
बसून राहिलेल्या साहेबासारखा:
आतही घेईना, परतही देईना.

मला काय हवंय ते ह्या माणसाला कसं सांगायचं?
की पंचगंगा शुक्रवार पेठेत आली त्या रात्री
आम्ही जिन्यावर बसून टॉर्चनं मोजत होतो,
आता उंबरा, आता बटणांचा बोर्ड,
आता खिडकीची फळी.
दारानं आत आलेलं पाणी
आणि गल्लीत उभं राहिलेलं पाणी,
दोन्ही फळीच्या दोन अंगांना येऊन थांबली.
मध्ये वीतभर सागवान.
त्यावर काडेपेटी, कोरडी.
रात्रभर दोघी एकमेकींकडं बघत बसल्या
आणि पहाटे काही न बोलता उतरल्या.
फळी मात्र पुढच्या उन्हाळ्यात उकलली,
वहीच्या भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी.

यार्डाच्या मागं, बाभळीच्या सावलीत
यल्लव्वा पाट्याला टाकी लावत होती.
आता पाटे कोण घेतंय, विचारलं.
'हाटेलवाले. शोला.'
तिच्या शेजारी एक काळा दगड, इथलाच,
खाणीतनं आला तसा, नाव न मिळालेला.
त्यावर उरलेली फोड पिळली.
काही झालं नाही.
यल्लव्वानं बोटानं रस पुसला, चाटला,
म्हणाली, 'मीठ पायजे.'
तोच घेतला.

टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात.
मला देवपण नको होतं.
बाहेरच्या अंगाला बोटभर ढाळ हवा होता.

बसवण्याआधी दस्तगीरनी पट्टी उलटी केली,
कडेपासून दोन बोटं आत
एक सरळ खाच मारली, पेन्सिलीएवढी.
'ही कुणाला दिसणार?'
'पाण्याला.
थेंब लई लबाड असतोय, वैनी.
कडेवरनं खाली पडत न्हाई,
दगडाच्या पोटाला धरून
भिंतीकडं माघारी येतोय.
खाच लागली की हात सुटतोय त्याचा.'

तीन खिडक्यांना दगड पुरला.
चौथीला, मोरीकडच्या, कडप्पाच लावला;
पैसे तिथवरच होते.

कोपर टेकला की दगडाचे दाणे रुततात.
ह्यांच्या दोन शर्टांच्या बाह्यांचे धागे निघाले,
'पॉलिश तरी करून घ्यायचं होतंस.'
मी ऐकते.
आणि घरात कुणी नसलं
की तांब्याभर पाणी फळीवर ओतून बघते
कुठल्या बाजूला जातंय.

बाहेर जातं.
अजून तरी.