पोटावरची मिनिटं

नारीनच्या वरच्या अंगाला, नदी गोठते त्या दिवसांत,
मी घोड्यावरून नाही जात, लोकांना वाटतं तसं.
जुन्या निवा गाडीतून जाते, हीटर बंद पडलेला,
मांडीवर वजनकाटा, शालीत गुंडाळून.
थंडीत काटा खोटं बोलतो.

यादीत तिसरं घर : आइझिरेक, वय बावीस,
मुलगा नुरतिलेक, चार महिने अकरा दिवस,
बाप येकातेरिनबर्गला विटा रचतो.

बाळ बेशिकमध्ये. लाकडी पाळणा आमचा,
हात पट्ट्याखाली, पाय पट्ट्याखाली,
नाकाचा शेंडा तेवढा मोकळा.
न सोडवताच त्याला पाजायचं म्हणून
आई ओणवी होते, विहिरीत डोकवावं तशी.
मला आधी तिची पाठ दिसते, मग चेहरा.

माझ्या फॉर्मवरचा चौदावा प्रश्न :
काल बाळ किती मिनिटं पोटावर होतं?
कालिपा-अपा, सासूबाई, चहा ओतता ओतता म्हणतात,
"पोटावर? सरडा आहे का तो?
याच पाळण्यात पाच वाढवले मी.
धाकटा तर पैलवान निघाला."
यावर काय बोलणार!
भिंतीवरच्या फोटोतून पैलवान बघत असतो,
कान चुरगळलेले, गळ्यात पदक.

"दूध पातळ आहे माझं," आइझिरेक खालमानेनं सांगते.
कपाटावर पावडरचा डबा, अजून सीलबंद,
शेजारी बाटली, तळाशी चहाची तपकिरी रेघ.
ती रेघ मी ओळखते.
माझ्या थोरलीच्या बाटलीतही होती, अठ्ठ्याण्णव साली.
मी तेव्हा नर्स नव्हते,
नुसती दमलेली होते.

म्हणून डब्याबद्दल अवाक्षर काढत नाही.
पट्टे सोडते. पाठीमागे उशी लावते, तिच्या, बाळाच्या नव्हे.
त्याचं पोट तुझ्या पोटाला. तोंड मोठं उघडू दे.
घाई कुणाला आहे?
खोलीत सगळे कान देऊन बसतो.
शेगडीत कोळसा तडकतो. बाहेर कुत्रं.
मग येतो तो आवाज. गट्. थांबून, गट्.
कालिपा-अपा बोटांवर मोजू लागतात,
कुणी सांगितलेलं नसताना.
तासभर गेला. या तासाला फॉर्मवर रकाना नाही.

पुढे, ढेकर निघून बराच वेळ झाल्यावर,
त्याला शिर्दाकवर पालथा घातला,
लाल लोकरीत विणलेल्या मेंढ्याच्या शिंगावर.
असा भोकाड पसरला की
बाप विटा टाकून परत येईल!
एक मिनिट. नाक लोकरीत. दीड.
आइझिरेक उचलायला वाकली, तेवढ्यात
अपांनी गुडघ्यांना शिव्या देत देत
स्वतःलाच जमिनीवर पालथं घातलं,
त्याच्या समोर, हनुवटी टेकवून, रुमाल घसरलेला.
"बघ रे, सरडा बघ."

मान हलली. डुगडुगली. वर आली.
दोन बोटं, जास्त नाही.
दोघं एकमेकांकडे बघत राहिले,
एक दात नसलेला, एक दात उरलेले.

चौदाव्या प्रश्नापुढे मी लिहिलं : तीन.
(पावणेतीन होती.)

डबा पुढच्या खेपेलाही कपाटावरच होता,
सील फुटलेलं. विचारलं नाही.
चहाची रेघ मात्र नव्हती.

पुढच्या वर्षी, गवत उंच झाल्यावर, त्यांनी बोलावलं.
नुरतिलेक उभा, पायांना काळा-पांढरा दोरा,
सुटून चालायला निघालेला आणि बांधलेला.
रिवाज असा, की बायकांनी धावत यायचं,
पहिली येईल तिनं दोरा कापायचा.
मीही धावले, बावन्नाव्या वर्षी, रबरी बुटांत.
चौथी आले. मला एक हातरुमाल मिळाला.

पाळणा घरात दिसला नाही.
"शेजारच्या सुनेनं नेलाय," अपा म्हणाल्या, "परवा बाळंत झाली.
पट्टे मी सैल करून दिलेत.
तिची सासू ऐकणारी नाही. तू गुरुवारी जा,
आणि आधी चहा पी, मग बोल."