थप्पी

रात्री भांडी झाली की हे फरशीवर पालथे पडतात,
गोधडी नको म्हणतात, गार बरं वाटतं.
मी मांडणीचा गज धरते
आणि ह्यांच्या पाठीवर चढते.

आधी टाचा, मग चवडे.
कमरेच्या वर दोन बोटं एक जागा आहे,
तिथं पाय पडला की श्वास धरतात,
पोत्याखाली शिरताना धरतात तसा.
"दे जोर."
मी शेहेचाळीस किलो. भुसार बाजारातल्या तोलणारानं
एकदा थट्टेत काट्यावर उभी केलेली;
म्हणाला, साखरेच्या पोत्याला चार कमी भरली,
वहिनी, तुमची हमाली लागू नाही.

तीस वर्षं ही पाठ मी तळव्यांनी वाचते.
मिरचीचा ट्रक असला की पायांची आग होते,
रात्रभर ओल्या फडक्यात गुंडाळून निजते.
गुळाचा असला की पाय चिकटतो.
मानेखाली गाठ आहे, लिंबाएवढी, दगडासारखी.
थोरली तान्ही असताना ती मुठीत धरून झोपायची.
लग्न झालं तेव्हा पोतं शंभराचं होतं.
पुढं पन्नासाचं झालं, ह्यांनी घरी जिलबी आणली.
खेपा कुणी मोजल्या नाहीत.

श्रावणात डावा पाय बधिर झाला.
फळीवर चप्पल निघून पडली, ह्यांना कळलंच नाही,
खालून कुणीतरी ओरडलं.
मग ससून. दोन रांगा, तीन खिडक्या.
ह्यांचं नाव मी घेत नाही, केसपेपरवर होतं:
अंकुश धोंडिबा खरात, वय बावन्न, धंदा ओझी.

डॉक्टरीणबाई आमच्या थोरलीएवढी.
काळा फोटो उजेडाला धरला तिनं.
मणके एकावर एक, गुळाच्या ढेपा रचल्यागत,
आणि खालून दुसरी ढेप बाहेर सरकलेली.
हे कितीतरी वेळ बघत राहिले.
मग म्हणाले,
"थप्पी चुकली. कुणी लावली ही?"
ती हसली नाही.
"पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, काका."
तिच्या टेबलावर केसपेपरांचा गठ्ठा होता.
ह्यांनी तो नजरेनं तोलला. मला कळलं,
सात भरला.

उठताना ती सहज बोलली,
"आणि पाठीवर कुणाला उभं करत असाल तर
तेवढं आधी बंद. त्यानं आणखी सरकतं."

मी माझ्या पायांकडे बघितलं.
जोडवी झिजून तारेएवढी झालेली.

अप्परच्या बसमध्ये जागा होती, हे बसले नाहीत.
बसलं की उठता येत नाही.
डेपोपासून घरापर्यंतचा चढ
चार ठिकाणी थांबून चढलो,
प्रत्येक वेळी हे म्हणाले, बिडी पेटवतो.
बिडी एकदाही पेटली नाही.

धाकटा पार्सलं पोचवतो. त्याच्या पाठीला
चौकोनी पिशवी, चेनची. म्हणतो, ही हमाली नव्हं.
दारातून आत येताना वाकून येतो.
दार उंच आहे आमचं.

रात्री हे पालथे पडले.
मी मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम केली.
"ते राहू दे. चढ."
बाई काय म्हणाल्या, म्हटलं.
"बाई येणारे का माझ्या पाळीला?"

मांडणीचा गज धरला.
पाय टेकवले नुसते, पाठीवर धूळ बसावी तसे,
आणि बाकीची सगळी मी हातांवर लोंबकळले.
गज कुरकुरला. स्टीलचे डबे हलले.
"जोर दे की."
दिलाय, म्हटलं.
"हां," म्हणाले, "आता बरं वाटतंय,"
आणि घोरायला लागले.

तरी मी तशीच राहिले थोडा वेळ.
शेहेचाळीस किलो म्हणजे किती
ते पहिल्यांदाच हातांना समजत होतं.

पहाटे दंड उचलेनात.
भाकरी थापताना दोनदा कडा फाटली,
ह्यांनी विचारलं, मी पीठ जुनं आहे म्हटलं.
आकडा खांद्याला अडकवून हे निघाले.
शेंगदाण्याचा ट्रक लागणार होता.