धाकटीची खूण

पोव्हुआच्या किनाऱ्यावर पूर्वी होडीला नाव नसे,
खूण असे.
थोरल्याने बापाची खूण घ्यायची आणि त्यात एक चीर वाढवायची,
मधल्याने दोन.
धाकट्याला मात्र ती जशीच्या तशी मिळे.
हे मला बेल्मिरोने सांगितलं, पहिल्याच भेटीत,
माझ्या टेबलावरच्या कागदावर काढून.
बूट काढा म्हटलं,
तर म्हणाला, "काढलेत ना?"

इथे या दुखण्याला छोट्या पावलांचं दुखणं म्हणतात,
लाडाचं नाव असल्यासारखं.
माणूस भर दुपारी वाळूवरून घरी येतो
आणि बायको विचारते, हे फोड कसले.
पायाखालची वाळू सरकते
आणि पायांना कळत नाही.

त्याच्या मुली जुळ्या, एकाच बीजाच्या.
ओतीलिया अकरा मिनिटांनी थोरली.
अकरा मिनिटांत कोण कुठे चीर वाढवणार?

ओतीलिया मार्चमध्ये आली.
"मूल हवंय, म्हणून आधी कळायला हवं.
सिदालियाला सांगू नका.
ती म्हणते, वाईट बातमीला आपला पत्ता देऊ नये."

मी माझं सगळं बोलले.
शक्यता निम्मी. हल्ली औषधं आहेत, वेळेवर कळलं तर उपयोग होतो.
न कळण्याचाही हक्क असतो.
आणि तुम्हा दोघींचं उत्तर एकच असणार.
ती म्हणाली, "ठाऊक आहे. माझा चेहरा मी सांभाळीन."
तुमचा चेहरा तिच्याकडेही आहे,
हे ओठांवर आलेलं मी गिळलं.

आणखीही काही गिळलं.
खालच्या खणात दोन वर्षांपूर्वीची फाइल आहे.
सिदालिया, ओला रेनकोट मांडीवर,
निकाल ऐकून आधी घड्याळ बघणारी.
"ओतीलियाला सांगू नका. तिला मुलं हवीत.
मी घरी म्हणत राहीन की मला जाणून घ्यायचंच नाही,
म्हणजे ती विचारणार नाही."
तेव्हापासून दर रविवारी, मासे वाढता वाढता,
ती तेच म्हणते.

तर ओतीलियाच्या दंडाला पट्टा बांधला,
रक्त नळीत चढू लागलं
आणि मला त्याचं उत्तर पाठ होतं.
नको म्हणावं, तर एकीचा विश्वास मोडतो.
घ्यावं, तर दुसरीसमोर सोंग.
नियमावलीत याला गोपनीयता म्हणतात.
मी कापूस दाबून धरला.

दारात वळून तिने विचारलं, सगळेच विचारतात ते:
"माझ्या जागी तुम्ही असता तर?"
आम्हाला शिकवलेलं असतं, मी तुमच्या जागी नाही.
मी तेच म्हटलं.
खरं तर मी दोघींच्या जागी होते
आणि मला टेकायला जागा नव्हती.

रात्री सिदालियाला फोन केला. एवढंच म्हटलं,
तुमचं मन बदललं तर माझं दार उघडं आहे.
ती म्हणाली, "ती आली होती ना?"
मी काही बोलले नाही.
फोनवरही माणसाला चेहरा असतो.
हे बरोबर केलं का, मला अजून सांगता येत नाही.

तीन आठवड्यांनी ओतीलिया समोर बसली होती,
पाकीट टेबलावर, हात मांडीवर.
दार न वाजवता सिदालिया आत आली.
माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.
खाली बसली, बहिणीचे बूट काढले, मोजे काढले,
केसांतली पिन काढली.
"डोळे मिट. इथे कळतंय?"
"कळतंय."
"इथे?"
"टोचतंय गं."
"मलाही अजून टोचतं. रोज बघते."

ओतीलियाने डोळे उघडले नाहीत.
बराच वेळ पाय तिच्या हातात तसाच राहू दिला.
मग म्हणाली, "दोन वर्षं रविवारी माशात मीठ जास्त पडत होतं,
तेव्हाच मला कळायला हवं होतं."

मी बाहेर येऊन उभी राहिले.

फाइलमध्ये एक रकाना असतो:
निकाल कोणी कळवला.
पाकीट बंदच आहे.
रकाना मी अजून भरलेला नाही.