उलटी फरशी

परत आल्यापासून गल्ली एकच विचारते,
काय काय बघितलं पोर्तुगालात?
बोद्दुलांची सून तर चहा घेऊनच आली.
फोटो लावा म्हणाली, टीव्हीवर, मोठ्ठे.

लावले.
हा किल्ला. ही नदी. हा पूल, दोन मजली,
वरून मेट्रो जाते, खालून मोटारी.
ही मी, टोपीत. हसू नका.
ही द्राक्षं, डोंगराला पायऱ्या पाडून लावलेली,
नान्नजची बाग कुणी उचलून
भिंतीला टेकवून ठेवावी तशी.

अंबादासनं आठ दिवसांचा तक्ता केला होता.
नऊ-वीसची गाडी, दहा-पस्तीसला किल्ला,
बाराला जेवण, एकला होड्या,
रात्री पायांना तेल, सकाळी पुन्हा स्टेशन.
हे म्हणाले, पोरा, ही सुट्टी की पाळी?
भोंगा तेवढा राहिला बघ.

तिसऱ्या दिवशी कुठलंसं लहान गाव.
नाव मला अजून म्हणता येत नाही,
शेवट नाकातून काढायचा असतो त्याचा.
तिथं एक चर्च, बाहेरून साधंच,
आत सगळी भिंत निळ्या फरश्यांची.
वेली, फुलं, पुन्हा वेली, पुन्हा फुलं,
छपरापर्यंत.
लोक माना वर करून फोटो काढत होते.
ह्यांनी चष्मा पुसला
आणि मोजायला लागले.

एकतीस वर्षं जकार्डवर काढलेला माणूस.
डिझाइन म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ,
एक पुठ्ठा, एक धोटा, एक ओळ.
फूल कुठं सुरू होतं, कुठं परत येतं
ते ह्यांना बोटांनी कळतं.
गाइडबाई सांगत होती राजाचं, राणीचं,
तिकडच्या मोठ्या भूकंपाचं.
हे भिंतीपाशी, ओठ हलताहेत,
ओकटी, रेंडु, मूडु, नालुगु.
भांडायला मराठी चालते ह्यांना,
मोजायला नाही.

मग थांबले.
सातवी ओळ, खांबाजवळ.
एका फरशीत वेल उलटी गेलेली.
फूल खाली डोकं करून लटकलेलं, वटवाघळासारखं.
अंबादास म्हणाला, बाबा, तीनशे वर्षं झाली असतील.
हे म्हणाले, म्हणजे तीनशे वर्षं
कुणी माल तपासलाच नाही.

त्यापायी गाडी चुकली. होड्या राहिल्या.
पोरगं रुसलं, तक्ता घडी घालून खिशात.
हे बाकावर बसून शेंगाचटणीची पुडी सोडत,
कडक भाकरीचा कट्‌ असा तुकडा मोडत,
खूश.
पोरगा इंजिनियर झाला तेव्हाही
इतके खूश नव्हते.

परतीच्या गाडीत, खिडकीकडे बघत म्हणाले,
त्या दिवशी त्याच्या घरी काहीतरी झालं असणार.
कुणाच्या?
फरशी लावणाऱ्याच्या.
हात चालतो गं. मन नसतं जाग्यावर.

मी काही बोलले नाही.
किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी
आमची सरोजनी सतरा दिवस सिव्हिलमध्ये होती.
हे पाळी सुटली की थेट दवाखान्यात,
दवाखान्यातून थेट कारखान्यात.
एका चादरीवर बावीस मोर आले
आणि एक मोर, कोपऱ्यातला, बिनडोक्याचा.
मालकानं पगारातून कापली, वर चादर अंगावर फेकली.
सरोजनी बरी झाली. नांदते आहे अक्कलकोटला.
चादर अजून विटली नाही.

त्या फरशीचा फोटो दाखवा की, काकू.
नाही गं. मी मोबाइल वर केला होता,
ह्यांनी हात धरला.
म्हणाले, एकाची चूक, गावभर कशाला?

बोद्दुलांची सून मांडी बदलते,
चादरीचा कोपरा उघडा पडतो.
मी म्हणते, पंखा लागत नाही तिथं,
अशी इकडं सरकून बस,
हां, त्या कोपऱ्यावर.