शिलाईतलं कापड

रावपुऱ्यातल्या जशुभाईनं
वहीतलं माझं जुनं माप खोडलं नाही,
खाली नवं लिहिलं.
"बेन, तमे?"
टेप दोनदा फिरवली. मी पोट आत ओढून धरलं,
नसलेलं.

अजून रिक्षात मी अगदी कडेला बसते,
दांडिया बाजारातल्या बँकेचं दार
तिरकी होऊन ओलांडते.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शरीर पुढे जातं,
डोकं मागाहून येतं.

वाटीभर वरणही उरतं.
सेव-उसळीच्या गाडीवरून जाताना
जीभ नाही, हात आठवतो:
अण्णांच्या तेराव्याच्या रात्री
एकटीनं तीन प्लेटी संपवणारा.
आता तो ओढणीच्या टोकाला गाठी मारतो,
सोडतो, मारतो.

"किती छान दिसतेस गं!" म्हणतात सगळ्या,
आणि मी तिच्या बाजूनं चिडते.
तिला कुणी कधी
खुर्चीसुद्धा पुढे केली नव्हती.

ब्लाउज बरोब्बर बसला.
जशुभाई म्हणाला, शिलाईत कापड राखून ठेवलंय,
कधी सैल करायचा झाला तर.

सूरसागरच्या कठड्याला टेकून
मी बराच वेळ उभी होते,
पिशवीत हात घालून
ती आतली पट्टी चाचपत.