पंधरा मिलिमीटर

डिचोलीच्या नगरनियोजन कार्यालयात
माझं टेबल खिडकीपासून तिसरं.
धोरण वर ठरतं. मी रेषा मारते.
संगणक आहे, त्याच्यावर कापडी झाकण आहे.
एकास शंभर या मापात
चाकाच्या खुर्चीला वळायला लागणारी जागा
भरते पंधरा मिलिमीटर.
शर्टाच्या बटणाएवढं वर्तुळ.

'परवडणारी, ज्येष्ठ व दिव्यांगस्नेही घरकुले' –
फाइलच्या पाठीवर नाव कसंबसं मावलंय,
शेवटचा 'ले' वळून पुठ्ठ्यामागे गेलाय.
घरं चोवीस. तळमजल्यावरची चार राखीव.
साहेब म्हणतात, धोरणाचा आत्मा तिथे आहे.
मी मान हलवते, रबराचा भुगा फुंकते.

तिसरा सुधारित आराखडा आला
तेव्हा पार्किंग दोन गाड्यांनी वाढलं होतं
आणि आत्मा जरा आक्रसला होता.
न्हाणी: चार फूट बाय पाच.
वर्तुळ मीच काढलं होतं,
मीच खोडलं.

हरकतींच्या दिवशी पिएदाद बाय आल्या.
वय एक्क्याऐंशी, काखेत पिशवी, पिशवीत भाड्याच्या पावत्या,
काहींवरची शाई उडालेली, काहींवरचे मालकही.
आयुष्य सगळं याच दोन वाड्यांत, खोल्या तेवढ्या बदलल्या,
पण पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला म्हटला
की एकही खोली त्यांना ओळख देत नाही.
"पोर्तुगीज गेला त्या दिवशी
मी इथेच पेज ढवळत होते.
हे कुठल्या रकान्यात लिहू?"
कारकुनाने 'इतर'वर बोट ठेवलं.

त्याच्या डोक्यामागे नकाशा.
वस्ती पिवळी, बागायत हिरवी,
खाणी मी दरवर्षी पुन्हा तांबड्या करते.
किनाऱ्याकडची, अकरा महिने कुलूप असलेली घरं
तीही पिवळीच.
रिकाम्या घराचा रंग
आमच्या डब्यात नाही.

मग रोहिदास च्यारी.
खाणीच्या वर्कशॉपात पाय गेले,
मापं घ्यायची सवय हातात राहिली.
कार्यालयाला तीन पायऱ्या.
दोघा शिपायांनी त्याला खुर्चीसकट वर घेतलं;
तो मांडीवरचा टेप घट्ट धरून
सबंध वेळ छताकडे बघत होता.

आराखडा त्याने पालथ्या हाताने सपाट केला.
"बाय, हांगा हांव खंय वळूं?"
मी म्हटलं, पंधरा मिलिमीटर लागतात.
त्याने मनगटावरचं बटण दातांनी तोडलं,
दोरा थुंकला,
आणि न्हाणीवर ठेवलं.

बटण भिंतीवर चढलं.

कुणी काही बोललं नाही.
साहेबांनी लिहिलं: नोंद घेतली.
पिएदाद बायनी वाकून पाहिलं आणि विचारलं,
ह्या घरात खिडकी कुठे आहे?
खिडकी होती. पार्किंगकडे उघडणारी.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मी ती भिंत तीन मिलिमीटर सरकवली.
म्हणजे जमिनीवर एक फूट.
कुणाची तरी गाडी आता
तिरकी लावावी लागेल.

फाइल पणजीला जाऊन पाच महिने झाले.
'तपासून सादर करा' असा शेरा घेऊन
एकदा परत आली, पुन्हा गेली.
ती रेषा अजून कुणी पकडलेली नाही,
किंवा पकडली आहे आणि सांगत नाहीत.

बटण माझ्या खणात आहे, टाचण्यांच्या डबीत.
रोहिदास परवा बाजारात दिसला,
एक बाही दुमडलेली.
त्याने विचारलं नाही.
मीही रहदारीचं निमित्त करून
पलीकडच्या बाजूने गेले.