एका ‘व’चा फरक

मागच्या वर्षी ब्याण्णव पूर्णांक चार.
आईने पेढे आणले, कन्नमवार नगरात
तीन मजले वाटले.
शंभरात ब्याण्णव म्हणजे काय कमी झालं?
तिला सांगून सांगून दमले मी, की हे गुण नव्हेत,
ही माणसं आहेत. शंभरातली ब्याण्णव माझ्या मागे,
साताठ पुढे,
आणि कॉलेजचं दार त्या साताठांपुरतंच उघडतं.
पोळी उलटत ती म्हणाली,
मागे एवढी माणसं असताना
तू पुढे काय बघत बसतेस?

म्हणून परत.
तीच पुस्तकं. माझीच उत्तरं खोडून कोरी केलेली.
पण मला पेन्सिल दाबून लिहायची सवय,
पुसलं तरी कागदावर चर राहतो.
प्रश्न वाचायच्या आत बोट सांगतं:
‘क’.

एक टाकी. दोन नळ.
पहिला सहा तासांत भरतो, दुसरा चार.
आमच्याकडे पाणी साडेचारला येतं, पावणेसहाला जातं.
बाबा पिंपाला कान लावून उभे असतात,
आवाजावरून सांगतात किती भरलं.
त्यांना एकदा हे गणित घातलं.
ते म्हणाले, दाब किती आहे?
आणि वरच्या मजल्यावर कुणी मोटर लावलीय का?
पर्यायांत ते नव्हतं.

मरोळच्या ऑफिसात मी अपघाताचे दावे तपासते.
अंगठा पंचवीस टक्के, तर्जनी दहा,
एक डोळा पन्नास.
तिथे मला टक्के लगेच कळतात.
आठ दिवसांच्या रजेच्या अर्जावर कारण लिहिलं, घरचं कार्य.
अगदीच खोटं नव्हतं.

बिवलकर सरांचा क्लास दादरला, मिठाईच्या दुकानावर.
तुपाच्या वासात त्यांनी माझा सराव पेपर धरला,
एका गणितावर गेलेली नऊ मिनिटं लाल शाईत गोल केली.
“तुला येत नाही असं काही नाही, माणगावकर.
तुला सोडता येत नाही.
सोडवायचा आणि सोडायचा, एका ‘व’चा फरक.
तो ‘व’ तू जिथे तिथे घुसवतेस.”
वर्ग हसला. मीही हसले.

पण कुठून यावं मला सोडायला?
आई करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेते.
बाबा नळ सुस्कारायला लागला तरी
बादली काढत नाहीत.
निशिकांतने साखरपुडा मोडून तीन वर्षं झाली,
त्याचा नंबर अजून
‘निशी घर’ या नावाने.

नोव्हेंबर, रविवार, सकाळची पाळी.
काचेच्या इमारतीच्या दारात
कानातलं काढलं, घड्याळ काढलं.
मनगटावर आईने बांधलेला काळा दोरा होता,
गाठ सुटेना.
तपासणाऱ्या बाईने कात्री आणली,
तुकडा माझ्या तळहातावर ठेवला:
परत बांध घरी जाऊन.
ओळखपत्रावर मागच्याच वर्षीचा फोटो.
तिने दोनदा पाहिलं. बारीक झालीस, म्हणाली.

चाळीस मिनिटांचे तीन कप्पे.
बरोबरला तीन, चुकलं तर एक वजा.
तिसऱ्या कप्प्यात, अकरा मिनिटं उरलेली असताना,
टाकी आली.
या वेळी तीन नळ, त्यातला एक गळका.
मी मांडलं. आकडे जुळत आले.
दोन ओळी, फार तर तीन,
पलीकडे उत्तर उभं होतं,
त्याचा श्वास ऐकू येत होता मला.
पेन्सिल कागदावर दाबलेली.
पडद्याच्या कोपऱ्यात सेकंद पडत होते,
एकेक.

उचलली पेन्सिल.
पुढचा प्रश्न.

बाहेर ऊन होतं. फोन सुरू केला
तर बाबांचे चार मिस्ड कॉल.
कसा गेला?
एक टाकी अर्धी ठेवून आले, म्हटलं.
पलीकडे शांतता. कुकरची शिट्टी.
मग ते म्हणाले,
नळ बंद केलास ना?

हो म्हटलं.
आणि रिक्षा शोधत
जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यापर्यंत चालत गेले,
दोऱ्याचा तुकडा मुठीत.